अवखळ लेकीला वाढवताना या चुका टाळा

सकाळच्या घाईत लेक कुठे दिसेना म्हणून शोधत गेलो, तर ती आरशासमोर स्टुलावर उभी. हातात कात्री, पुढचे केस अर्धे गेलेले, अर्धे शिल्लक. "हे काय केलंस?" तिने अगदी शांतपणे उत्तर दिलं, "डोळ्यांत येत होते. मी त्यांना तीन वेळा सांगितलं, ऐकलंच नाही त्यांनी."

मला हसू आवरेना. तिच्या आईला हाक मारली, मग दोघंही पोट धरून हसलो. त्या गडबडीत कात्री उचलून ठेवायची राहिली. संध्याकाळपर्यंत बाहुलीचे केस गेले आणि पडद्याची झालरही गेली. प्रत्येक वेळी काम झालं की ती आमच्या तोंडाकडे बघायची.

तीन-चार वर्षांच्या मुलीला आईबाबांच्या हसण्याएवढं मोठं बक्षीस दुसरं नाही. ज्यावर हसू मिळतं ते ती पुन्हा करते. मग आपण चिडतो, आणि सकाळी जे गोड होतं ते संध्याकाळी वाईट कसं झालं, हे कोडं तिला सुटत नाही. म्हणून ज्या गोष्टीने इजा होऊ शकते किंवा वस्तूची नासधूस होते, तिथे तोंड फिरवा, ओठ चावा, लागलं तर दुसऱ्या खोलीत जाऊन हसा. तिच्यासमोर एवढंच म्हणा, "कात्री कागदासाठी. केसांसाठी नाही." आधीच हसून झालं असेल तर लपवू नका. "मला हसू आलं, पण केस कापायचे नाहीत," हे तिला कळतं. आणि दुसऱ्या दिवशी बोथट टोकाची कात्री आणि रद्दी घेऊन तिच्याशेजारी बसा. कापायची हौस खरी असते, तिला जागा हवी असते.

नको तिथे हसणं

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. एकदा पळता पळता ती खुर्चीवर आदळली. थोडं रडून झाल्यावर डबा उघडून औषधाची पट्टी काढली आणि खुर्चीच्या पायाला लावली. खुर्चीलाही लागलं होतं ना! घरात चार माणसं होती, सगळी हसली. लेक मघाशी आपटल्यावर रडली नव्हती एवढी तेव्हा रडली.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दोन ते सात वर्षांच्या विचारपद्धतीचं जे वर्णन केलं आहे, त्यात हे नेमकं येतं. या वयात निर्जीव वस्तूंनाही मन असतं, त्यांना दुखतं, असं मूल धरून चालतं. ती खुर्चीची शुश्रूषा करत होती. आपल्याला गंमत वाटली तरी तिच्या दृष्टीने ते काम होतं. अशा वेळी हसू गिळून विचारा, "आता बरं वाटतंय का खुर्चीला?" एवढं पुरतं.

तुटलेल्या बिस्किटाशी वाद

हा प्रसंग ज्या घरात घडला नाही असं घर मला माहीत नाही. हातात दिलेलं बिस्किट मधोमध तुटतं आणि लेक भोकाड पसरते. "परत जोड!"

मी तिला समजावत बसलो. चव तीच आहे, आता एकाची दोन झाली, पोटात गेल्यावर तुटणारच आहे. शेवटच्या मुद्द्यावर तर थयथयाट दुप्पट झाला, कारण पोटात काय होतं ते तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

इथे चूक शब्दांची आहे. फार शब्द, चुकीच्या वेळी. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या संशोधकांनी लहान मुलांच्या अशा आकांताचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना दिसलं की राग सुरुवातीलाच शिगेला जातो आणि मग ओसरतो, रडणं आणि जवळ घ्यावं असं वाटणं मात्र हळूहळू वाढत जातं. बहुतेक आकांत पाच मिनिटांत आटोपतात. आपण नेमके रागाच्या शिखरावर असताना तर्क लढवायला जातो, आणि प्रत्येक वाक्य तेल ओतल्यासारखं होतं.

मी आता काय करतो ते सांगतो. जवळ बसतो. हाताशी फेकण्यासारखं काही असेल ते बाजूला करतो. "तुला अख्खं हवं होतं," एवढं एकदाच म्हणतो. मग गप्प. किंचाळी थांबून हुंदके सुरू झाले, आवाज खाली आला, की हात पुढे करतो. तेव्हा ती स्वतःहून कुशीत येते. त्याआधी उचलायला गेलो तर लाथ बसते. नवं बिस्किट लगेच काढून देऊ नका, आणि त्यावरून भाषणही देऊ नका. ती शांत झाली की बहुतेक वेळा तेच तुटलेलं बिस्किट खाते.

आकांत रोज एकाच वेळी होत असेल तर बिस्किटाचा दोष नाही, घड्याळाकडे बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून चोवीस तासांत 10 ते 13 तास झोप लागते. आमच्याकडे दुपारची झोप बंद झाल्यावर संध्याकाळी सहाचा तास सगळ्यात अवघड व्हायला लागला. रात्रीची झोप अर्धा तास अलीकडे ओढली, तेवढ्यानेही खूप फरक पडला.

पियाजे यांचाच एक प्रयोग इथे कामाला येतो. तेवढंच पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की या वयाच्या मुलांना ते जास्त झालं असं वाटतं. म्हणून घरात दोन मुलं असतील तर पेले एकसारखे घ्या. "दोघांत सारखंच आहे गं," हे तिला पटणार नाही, कारण तिच्या डोळ्यांना ते खरंच सारखं दिसत नाही.

निवड नसताना प्रश्न विचारणं

"आंघोळ करूया का?" असं विचारलं तर "नको" हे तितकंच योग्य उत्तर आहे. मग आपण का चिडतो? आंघोळ व्हायचीच असेल तर प्रश्न तिथे नको. "आंघोळीची वेळ झाली. पाण्यात आधी बदक सोडायचं की आधी होडी?" निवड द्यायची तर खरी द्या.

हाताला धरून ओढणं

रस्त्यात बसकण मारलेल्या मुलीला एका हाताने खेचून उभं करणं, किंवा दोन्ही हातांना धरून झोके देणं. दुसरं तर ती स्वतःच मागते आणि खिदळते. पण साधारण पाच वर्षांच्या आतील मुलांत कोपराजवळचं हाड अशा हिसक्याने जागचं सरकू शकतं. सूज फारशी दिसत नाही. मूल फक्त तो हात वापरायचं थांबवतं आणि अंगालगत धरून ठेवतं. असं दिसलं तर स्वतः वळवून बघू नका. डॉक्टर ते बहुधा काही क्षणांत जागेवर बसवतात. उचलायचं तर काखेत हात घालून उचला.

"खोटं बोलतेस!"

भिंतीवर जांभळ्या खडूच्या रेघोट्या, लेकीच्या बोटांना जांभळा रंग. "कोणी केलं हे?" "हत्तीने." "कुठला हत्ती?" "गेला."

मी आवाज चढवला. खोटं बोलणं वाईट, वगैरे. ती ठाम राहिली. हत्तीला आणखी एक भाऊही निघाला.

मायकेल लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1989 मधला एक प्रयोग आहे. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या मागे खेळणं ठेवलं, "वळून बघू नको," असं सांगितलं आणि मोठी माणसं खोलीतून गेली. बहुतेक मुलांनी वळून बघितलंच, आणि बघणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी ते कबूल केलं. म्हणजे हे वयाबरोबर येतं. समोरच्याच्या मनात वेगळी माहिती असू शकते, हे उमगल्याशिवाय थाप मारताच येत नाही.

चूक माझ्या प्रश्नात होती. उत्तर माहीत असताना "कोणी केलं?" विचारणं म्हणजे तिला पळवाट शोधायला लावणं. आता मी म्हणतो, "भिंतीवर खडू लागलाय. ओलं फडकं आण, दोघं पुसू." ती आणते. पुसता पुसता कधी कधी सांगतेही, "हत्तीला मी खडू दिला होता." हे तिच्या वयाचं कबुलीपत्र आहे, ते मान्य करून टाकावं.

बोलणं लगेच दुरुस्त करणं

हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे, म्हणून थोडा लांबवतो.

"बाबा, मी करलं!" केलं म्हणायचं होतं. आम्ही दोघं एका सुरात, "केलं म्हण, केलं." दिवसातून वीस वेळा. परिणाम असा झाला की ती काही सांगायला आली की वाक्याच्या मध्येच थांबून आमच्याकडे बघायची, आणि सांगायचं राहूनच जायचं.

खरं तर "करलं" ऐकून आनंद व्हायला हवा. तिच्या कानावर "करलं" कधीच पडलेलं नसतं. मग आलं कुठून? बसलं, उठलं, पडलं ऐकून तिने स्वतः नियम काढला आणि "कर"ला लावला. जीन बर्को यांनी 1958 मध्ये हेच दाखवलं होतं: मुलांना कधीच न ऐकलेले बनावट शब्द दिले, तर ती त्यांचं अनेकवचन आणि भूतकाळ नियमाने बरोबर बनवतात. मूल पाठ करत नाही, रचना करतं. अपवाद मागून येतात, आपोआप येतात. आपण फक्त उत्तरात बरोबर रूप वापरायचं: "हो का? एकटीने केलंस?" आणि ऐकत राहायचं.

आपल्या भाषेत तर तिच्यापुढे आणखी अडचणी आहेत. मी घरात जास्त वेळ असतो तेव्हा ती "मी आलो, मी जातो" म्हणते, कारण "मी"च्या पुढे ती जे ऐकते ते बाबांचं रूप असतं. आईबरोबर सुट्टी गेली की "आले, जाते" परत येतं. आणि "परवा"! मागचाही परवा, पुढचाही परवा. "मी परवा मोठी होणार आणि परवा मी बाळ होते," असं ती एकदा म्हणाली, आणि व्याकरणाने त्यात काहीच चूक नव्हती. "काल" आणि "उद्या" यांची अदलाबदल झाली तरी घाबरू नका. वेळ सांगायची असेल तर झोपेच्या मापाने सांगा: "दोनदा झोपून उठलीस की आत्या येणार."

मात्र लेक आवाजाला प्रतिसाद देत नसेल, आधी येत असलेले शब्द गेले असतील, किंवा चौथ्या वर्षीही घराबाहेरच्यांना तिचं बोलणं फारसं कळत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका. श्रवणाची तपासणी करून घ्या.

प्रत्येक गोष्टीला बक्षीस

चित्र काढलं की स्टिकर, असं सुरू करू नका. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीच्या वयाच्या, चित्रांची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा खूपच कमी चित्रं काढू लागली. जे ती आवडीने करते त्याला मोल लावू नये.

नाकात मणी, दाराला आतून कडी

इथे गंमत नंतर, आधी काम. नाकात मणी गेला तर बोटाने किंवा चिमट्याने कोरू नका, तो आणखी आत जातो. डॉक्टरांकडे न्या. ती वस्तू घड्याळातल्या किंवा रिमोटमधल्या गोल चपट्या सेलसारखी असेल, नाकात गेली असो वा गिळली असो, तर एक मिनिट न दवडता रुग्णालय गाठा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. लक्षणं दिसायची वाट बघायची नाही.

बाथरूमची कडी लेकीने आतून लावली आणि मग तिला ती उघडता येईना, तेव्हा मी बाहेरून दार ठोठावत ओरडत होतो. त्याने ती घाबरली आणि दारापासून लांब गेली. तिची आई दाराशी खाली बसली आणि फटीतून बोटं आत सरकवली. "बोटं दिसतायत का? मोज बरं." मोजत मोजत ती दाराशी आली, मग कडीपर्यंत. त्याच दिवशी कडी तिच्या हाताला न येईल इतकी वर बसवून घेतली. हे आधी करायला हवं होतं. तुम्ही आज करा.

"मुलगी असून किती द्वाड!"

हे वाक्य घरात कुणीही म्हटलं तरी तिथेच थांबवा. मुलगा सोफ्यावरून उडी मारतो तेव्हा तो धीट, तीच उडी लेकीने मारली की द्वाड, हे तिच्या कानांवर पडू देऊ नका.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. स्वभावाची नऊ अंगं त्यांनी मांडली: हालचालीचं प्रमाण, भावनांची तीव्रता, बदलाशी जुळवून घेणं, चिकाटी वगैरे. साधारण 10 टक्के मुलं त्यांना सांभाळायला अवघड वाटली. पण पुढे कसं होतं ते नुसत्या स्वभावावर ठरत नाही. घराची अपेक्षा आणि मुलाचा स्वभाव यांचा मेळ किती बसतो, यावर बरंच ठरतं, असं त्यांनी म्हटलं. आमच्याकडे मेळ बसला तो असा: बाहेर निघण्याआधी दहा मिनिटं तिला घरात मनसोक्त उड्या मारू देतो. जमिनीवर गाद्या टाकतो. त्यानंतर चपला घालायला ती भांडत नाही.

तिच्यादेखत तिचे किस्से

पाहुणे आले की आपण सुरू होतो. केसांचा किस्सा, हत्तीचा किस्सा. ती तिथेच बसलेली असते. एकदा मी हत्तीचं सांगत असताना तिने माझ्या तोंडावर दोन्ही हात ठेवले. सगळे पुन्हा हसले, आणि मी हात बाजूला करून गोष्ट पूर्ण केली. रात्री झोपताना ती म्हणाली, "हत्ती आता येत नाही."

तेव्हापासून मी आधी विचारतो. तिचा रडतानाचा व्हिडिओ काढत नाही, काढलेले कुणाला पाठवत नाही. परवा आजोबांचा फोन आला, तेव्हा मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं, "खुर्चीच्या पट्टीचं सांगू?" तिने बराच विचार केला.

"सांग," ती म्हणाली. "पण ती आता बरी आहे, तेही सांग."