फिक्स लेन्सचा कॅमेरा घेताय? आधी किती लांबून फोटो काढता ते बघा

फिक्स लेन्सचा छोटा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की गाडी अडते ती २८ मिमी घेऊ का ३५ का ४० इथंच (हे लेन्सचे फोकल लेंग्थचे आकडे, आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं), कारण असल्या कॅमेऱ्यात झूम नसतो आणि एकदा घेतला की लेन्स बदलता येत नाही. रिको जीआर थ्रीला २८, जीआर थ्री एक्सला ४०, फुजीच्या एक्स १०० सिरीजला ३५, सगळे आकडे फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, हिशोबाने धरा.

माझं ऐकाल तर मिमी राहू द्या बाजूला, आधी अंतर बघा. हिशोब सोपाय, अंतराला ३६ ने गुणा, मिमीने भागा, आडव्या फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. म्हणजे २ मीटरवरून २८ ला अडीच मीटरच्या वर दिसतं, ३५ ला साधारण २, ४० ला १.८ आणि ५० ला दीड मीटर पण नाही.

आता हे आपल्या सोलापुरात लावून बघा. यंत्रमागाच्या कारखान्यात दोन मागांच्या मधल्या बोळात उभं राहिलं की मागं सरकायला जागाच नसते, तिथं माग, चादर आणि कामगार तिन्ही पाहिजेत तर २८च लागतो. पण तोच २८ घेऊन गड्डा यात्रेत (सिद्धेश्वराच्या जत्रेत) लांब थांबलात तर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, काडीएवढा आणि खाली नुसती डोकी, गर्दीत शिरून बाराबंदीवाल्यांच्या (पांढरा पारंपरिक अंगरखा घातलेल्या मानकऱ्यांच्या) जवळ जायची तयारी असेल आणि कॅमेरा उभा धरलात तर मात्र असला फोटो येतो की बास! मंगळवार बाजारात भाजीवाल्या मावशींशी बोलत बोलत फोटो काढायचा तर मला ४० आवडतो, २८ मध्ये कडेला आलेला चेहरा ताणल्यासारखा दिसतो ते मला नाही पटत. घरचे कार्यक्रम, लहान मुलं, फिरणं असं सगळंच असेल तर ३५ घ्या.

फोनचा १एक्स, म्हणजे झूम न करता दिसणारा मेन कॅमेरा, बहुतेक २४ ते २६ च्या आसपास असतो, त्यात नेहमी नको ते जास्त येतंय वाटत असेल तर २८ ने फारसा फरक पडणार नाही.

कुणाकडं १८-५५ किट लेन्सचा (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूम लेन्सचा) डीएसएलआर असेल तर आठवडाभर मागून आणा. १.५ क्रॉपचा असेल (सेन्सर फुल फ्रेमहून छोटा, म्हणून मिमीला दीडने गुणायचं) तर १८ म्हणजे २७, २३ म्हणजे ३५, २७ म्हणजे ४०. झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावा आणि दोन-दोन दिवस एकाच आकड्यावर काढा. जुने फोटो किती मिमीवर काढले त्याचा डेटा बघून ठरवू नका, झूम हातात असला की आपण सगळेच एकतर पार १८ ला नाहीतर पार ५५ ला जातो, त्यातनं काही कळत नाही.

तरीही दोनात अडलात तर वाईड, म्हणजे लहान आकड्याचा, घ्या, क्रॉप करता येतो, बाहेर राहिलेलं आत आणता येत नाही. फक्त २४ मेगापिक्सेलच्या २८ वरून ५० एवढं क्रॉप केलं की साडेसातच्या आसपास उरतात, मोबाईलवर बघायला चालतात, मोठी प्रिंट काढायची असेल तर कमी पडतील.