दम आधी येतो, पाय मागून येतात

माझ्या घोडीचे, रेवाचे, हृदयाचे ठोके सहा मिनिटांत ५६ वर आले होते. पुढे जाऊ देण्याची अट ६४ ची, तीही १५ मिनिटांत. पहिली २० किलोमीटरची फेरी संपवून आम्ही तपासणीच्या चौकात उभ्या होतो आणि मी मनातल्या मनात दुसऱ्या फेरीला निघालेसुद्धा होते. मग डॉक्टर म्हणाले, "पळवून दाखवा." सईसाने दोर धरून तिला दुडकीवर नेलं. जाताना काही दिसलं नाही. परत येताना डावा पुढचा पाय टेकला की तिचं डोकं किंचित वर उचललं जात होतं. डॉक्टरांनी आणखी एकदा पळवायला लावलं, कार्डावर शेरा लिहिला आणि आमची पहिली ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारीची स्पर्धा, तिथेच थांबली. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. गुडघ्याखाली, नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागच्या बाजूने जाणाऱ्या वरच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, मधोमध काळा डाग. तंतू तुटलेले.

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली. तरीही कुणी नवीन मुलगा किंवा मुलगी "ताई, घोड्याचा स्टॅमिना कसा वाढवायचा?" असं विचारते, तेव्हा मला आधी तो काळा डागच आठवतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. खोगीर कसणं, खरारा, नालबंदी, दुडकीवर उठबस करणं हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आम्ही इंदापूरच्या बाजूचे, भीमेच्या काठचे. भीमथडीच्या तट्टांचा हा मुलूख. अंगाने लहान, खायला काटक आणि दिवसदिवस चालणारी ही जनावरं. घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून आता त्यांची नोंदही झाली आहे. रेवा मात्र मारवाडी, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. तिथे दत्तजयंतीला तापीकाठी उभं राहून बघा: गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतं, देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) आहे का बघतं, पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं) आहे का विचारतं, मग रवाल ही न हिंदकळवणारी चाल काढायला लावतं. वाकून चारही नळ्यांवरून हात फिरवणारा माणूस दिवसभरात एखादाच दिसतो. मीही त्यातलीच होते. लांब पल्ल्यासाठी घोडं घेणार असाल तर भोवऱ्यांच्या आधी पाय आणि खूर बघा. आणि पाच वर्षांच्या आतलं घोडं या कामाला नकोच, कुणी कितीही गळ घातली तरी.

सुरुवातीचे दोन महिने माझं सगळं बरोबर चाललं होतं. आठवड्यातून चार दिवस काम, आधी पाच-सहा किलोमीटर, बहुतेक चालीवर, मधेमधे दुडकी. मग हळूहळू बारा, पंधरा. एन्ड्युरन्सचा पाया म्हणजे हेच, सावकाश आणि लांब. घोड्याचे ठोके आरामात मिनिटाला २८ ते ४४ असतात आणि जीव तोडून पळताना २२० च्याही वर जातात. दुडकीवर १२० ते १४० च्या आसपास राहतील असं काम ठेवायचं. साधारण १५० ते १६० पर्यंत स्नायूंना ऑक्सिजन पुरतो, त्याच्या बराच वर गेलं की ऑक्सिजन अपुरा पडल्याने स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट साठायला लागतं. घड्याळ-सेन्सर नसेल तर अडत नाही. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. हे रोज करा, म्हणजे तुमच्या घोड्याचा आकडा तुम्हाला पाठ होतो.

आता मी जिथे अडकले ते. हा भाग दोनदा वाचा.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी रेवाचे आकडे बघून मी हरखून गेले होते. जिथे आधी पंधरा किलोमीटरनंतर ६४ वर यायला पाव तास लागायचा, तिथे आता सात-आठ मिनिटं लागत होती. कान टवकारलेले, नाकपुड्या शांत, पाणी पिऊन झालं की लगेच गवताला तोंड. घोडी तयार झाली असं मला वाटलं, आणि तिचं हृदय तयार झालंही होतं. घोड्याचं शरीर या बाबतीत फार लवकर ऐकतं. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो, काम सुरू झालं की ती आकसते आणि रक्त एकदम दाट होतं. सरावाने रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. या सगळ्याला काही आठवडे ते तीन महिने पुरतात. स्नायूंना तीन ते सहा महिने. पण टेंडन आणि लिगामेंटला (हाडाला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यांना) सहा महिने ते वर्ष, आणि हाडाला त्याहूनही जास्त. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा चुकत नाही: जे आतून पळवतं ते आधी तयार होतं, ज्याच्यावर पळायचं ते सगळ्यात शेवटी.

त्यात घोड्याच्या पायाची घडण लक्षात घ्या. पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू नाहीत. हाड, दोऱ्यांसारखे टेंडन, लिगामेंट आणि कातडी, बस. तो टेंडन स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि पाय उचलताना तीच ताकद परत देतो. भरधाव वेगात तो तुटण्याच्या मर्यादेजवळ ताणला जातो आणि त्याच्या गाभ्यातलं तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं. रक्तपुरवठा कमी, म्हणून बारीक इजा झाली तरी भरून यायला फार वेळ लागतो, आणि भरून आलेला भाग पहिल्यासारखा लवचिक राहत नाही. दमलेलं घोडं हळू होतं, त्यामुळे त्याचा दम तुम्हाला कळतो. टेंडन मात्र हळू होत नाही. त्याची कुरकुर हाताला लागते, डोळ्याला नाही.

माझ्या हाताला ती लागली होती. स्पर्धेच्या साधारण तीन आठवडे आधी एका सकाळी डाव्या नळीची मागची बाजू किंचित कोमट वाटली. भाकरी काढून ठेवल्यावर थोड्या वेळाने तव्याच्या कडेला हात लावावा, तेवढीच. सूज नाही, लंगडणं नाही. उजव्या पायाशी तुलना केली, फरक होता. आणि मी काय केलं? पाय पाण्याने धुतला, बँडेज बांधलं आणि ठरल्याप्रमाणे अठरा किलोमीटर काढले, कारण आदल्या दिवशीचे ठोके उत्तम होते. त्या महिन्यात मी अंतर वाढवलं, वेगही वाढवला, आणि पाऊस लांबल्याने नदीकाठची माती चिखलाची झाली म्हणून डांबरी रस्त्यावर दुडकी घेतली. तीन बदल, एकाच महिन्यात. त्यातला कुठलाही एकच केला असता तर कदाचित निभावलं असतं.

म्हणून आता माझे नियम असे आहेत आणि त्यांत सूट नाही. एका आठवड्यात अंतर वाढवलं तर वेग तोच. वेग वाढवला तर अंतर तेच, किंवा कमी. जमीन बदलली तर दोन्ही कमी. दर तीन आठवडे वाढवले की चौथा आठवडा हलका. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी, घोडं तबेल्यात उभं असताना, चारही नळ्यांवरून उघडा हात फिरवायचा, वरून खाली, मग पाय उचलून टेंडन दोन बोटांत धरून दाबायचं. पाय सारखे गार असले पाहिजेत. एक पाय कोमट लागला तर त्या दिवशी खोगीर नाही. थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी पुन्हा हात, आणि तरी उष्णता असेल तर डॉक्टर आणि सोनोग्राफी. दोन हजार वाचवायला जाऊन मी घोडीचं वर्ष घालवलं. तुम्ही तसं करू नका. नालबंदीही पाच-सहा आठवड्यांना, न चुकता. खुराचं टोक वाढू दिलं की प्रत्येक पावलाला टेंडनवरचा ताण वाढतो, हे मला फार उशिरा समजलं.

घाम आणि मिठाबद्दल थोडक्यात. कष्टाच्या कामात, उन्हात घोडं तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतं. त्या घामात मीठ आपल्या घामापेक्षा कितीतरी जास्त असतं. पाणी आणि मीठ दोन्ही एकदम गेल्याने रक्त खारट होत नाही, आणि तहान लागायला हवी तेव्हा लागत नाही. म्हणून मीठ रोजच्या खुराकात हवं: आरामाच्या दिवशीही २५-३० ग्रॅम, कामाच्या दिवशी जास्त. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये ही समजूत सोडून द्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकसाठी उकाड्यावर झालेल्या कामानंतर तो प्रश्न मिटला आहे. पाणी भरपूर ओता, सगळ्या अंगावर, थांबू नका. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला निघून आठच्या आत परत, दुसरा उपाय नाही.

खुराकात पोटाचा आधार चारा. गवत, थोडा लसूणघास, चांगला कडबा. चाऱ्यामुळे मोठ्या आतड्यात पाण्याचा आणि क्षारांचा साठा राहतो आणि लांब अंतरात तोच कामी येतो. भिजवलेला हरभरा नि जव कामाच्या प्रमाणात, आणि सुट्टीच्या दिवशी निम्मे. पूर्ण दाणा खाऊन उभं राहिलेलं घोडं दुसऱ्या दिवशी कामाला काढलं की पुठ्ठे दगडासारखे आखडतात, लघवी तांबूस होते. तसं दिसलं तर एक पाऊलही चालवू नका, जागेवरच डॉक्टर बोलवा.

गुरूंबद्दल माझं मत ठाम आहे. मोबाइलवर घोडा उडवून दाखवणाऱ्यांकडून कष्ट कसे वाढवायचे हे शिकू नका, ते कधी थांबायचं हे दाखवत नाहीत. आमच्या गावात लष्कराच्या आरव्हीसीतून, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या पशुवैद्यकीय दलातून, निवृत्त झालेले एक आबा आहेत. मी त्यांना विचारायला गेले ते दुखापत झाल्यावर. ते आले, काही न बोलता रेवाजवळ उकिडवे बसले आणि डोळे मिटून पाच मिनिटं तिच्या पायांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पोरी, छातीचं ऐकलंस, पायाचं कोण ऐकणार?" वर्षानुवर्षं घोड्यांत राहिलेला सईस, नालबंद, असा एखादा म्हातारा शोधा आणि आधी त्याच्याकडे जा. आणि ‘एक इंजेक्शन द्या, स्पर्धा काढून घेऊ’ असं सुचवणाऱ्याला तबेल्यात पाऊल ठेवू देऊ नका. मलाही एकाने सुचवलं होतं. दुखणं झाकलं की घोडं त्या पायावर पूर्ण भार टाकतं आणि अर्धा तुटलेला टेंडन पूर्ण तुटतो. शिवाय स्पर्धेत औषधाची तपासणी असते.

हे वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. घोडं तीन-चार आठवडे आरामात राहिलं तरी त्याचा दम फारसा उतरत नाही. परीक्षा, लग्नसराई, तुमचं आजारपण, काहीही आलं तरी चालेल. सुट्टीने नुकसान होत नाही. सुट्टी भरून काढायच्या घाईने होतं. एक पाय कोमट लागला म्हणून तुम्ही चार दिवस थांबलात, तर त्या चार दिवसांत तुमचं काहीही गेलेलं नसतं. मला हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी थांबले असते असं वाटतं.

रेवाचं पुनरागमन असं झालं: पहिला महिना बंद जागेत, दिवसातून दोनदा दहा मिनिटं हाताने चालवणं. मग दर महिन्याला पाच-दहा मिनिटं वाढ, नुसती चाल. चौथ्या महिन्याला सोनोग्राफी, सातव्याला पुन्हा. आठव्या महिन्यात पहिली दुडकी, मऊ मातीवर, सरळ रेषेत, दोन मिनिटं. तेव्हा मी खोगिरावर बसून रडले. पंधराव्या महिन्यात परत ४० किलोमीटर, मुद्दाम ताशी बाराच्या वेगाने. चौकात ठोके ५८, आधीच्यापेक्षा दोन जास्त, आणि डॉक्टरांनी डावा पाय दोनदा दाबून बघितला. पळवून दाखवताना मी मागे उभी राहून फक्त तिच्या डोक्याकडे बघत होते. डोकं हललं नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: कोऱ्या घोड्याला पहिल्या ४० साठी किती महिने? घोडं निरोगी, पाच वर्षांच्या वरचं आणि आधी नुसतं रानात फिरलेलं असेल तर आठ ते दहा. कुणी तीन महिन्यांत करून दाखवलं असेल, तर त्याच घोड्याला दोन वर्षांनी भेटून या आणि त्याच्या पुढच्या पायांवरून हात फिरवून बघा.