नाशिकहून रीवा देल गार्दाच्या बाईक फेस्टिव्हलला: सायकल, कागद आणि खोका

इटलीत गार्दा सरोवराच्या उत्तर टोकाला रीवा देल गार्दा आहे. तिथे दर वसंतात माउंटन बायकिंगचा मोठा महोत्सव भरतो. जायचं ठरलं की आधी सायकलीचा निकाल लावा. नुसते ट्रेल फिरायचे असतील तर भाड्याची घ्या. पेडल, बूट, हेल्मेट आपलं न्या. तिकडे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, म्हणून निघण्याआधी दोन्ही लिव्हर दाबून पाहा. महोत्सवातली सायकलची मॅरेथॉन (लांब पल्ल्याची) शर्यत करायची असेल तर सवयीची सायकलच बरी. ई-बाईकचा विचार सोडा. १६० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पण स्वस्त पॉलिसीत शर्यती आणि साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, ती बारीक अक्षरं वाचाच. शर्यतीसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आयोजकांच्या नमुन्यातच घ्या.

सरावाला अंजनेरी-त्र्यंबकचा मुरूम चांगला, पण चढ कमी पडतो. रीवा समुद्रसपाटीपासून जेमतेम सत्तर मीटरवर आणि तिथली त्रेमाल्झोची खिंड सोळाशेच्या वर. कसारा घाट लागोपाठ तीनदा चढलात तरी तेवढी उंची भरत नाही. वाट चुनखडीची, ओली झाली की निसरडी.

आता विमानात सायकल न्यायचा खोका. पुठ्ठ्याचा खोका सायकलच्या दुकानात मागितला की मिळतो. टणक केस मजबूत खरी, पण बहुतेक ठिकाणच्या २३ किलोंच्या मर्यादेतले दहाएक किलो तीच खाते. तिकिटाबरोबरच क्रीडासाहित्य म्हणून नोंद करा.

सायकल धुऊन वाळवा. पेडल काढताना डाव्याचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. चाकं निघाली की ब्रेक पॅडमध्ये लगेच प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याची घडी घाला. मोकळ्या कॅलिपरवर (ब्रेकचा चिमटा) लिव्हर दाबली गेली तर पिस्टन बाहेर येतात आणि रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) आत बसत नाही. सहा बोल्टचे रोटर टी-२५ (चांदणीच्या टोकाच्या) पान्याने काढून पुठ्ठ्यात सपाट ठेवा. मागचा डिरेल्यूर (गिअर बदलणारा भाग) सोडवून, बबल रॅपमध्ये गुंडाळून चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) बांधा. फ्रेमवर राहिला तर खोका आपटताच हँगर (डिरेल्यूर जिथे अडकतो तो तुकडा) वाकतो. आपल्या फ्रेमला बसणारा एक जादा हँगर जवळ हवाच, तो परदेशात शोधत बसण्यात सुट्टी जाते. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या पायांमध्ये अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या दांड्याच्या) मापाचा आधार द्या. टायरमधली निम्मी हवा सोडा, पूर्ण नको, रिम वाचते. टायर फुगवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळ्या घरी ठेवा, हातपंप घ्या.

मुंबई विमानतळापर्यंत जायचं तर खोका छोट्या गाडीत मावत नाही. मागची सीट आडवी होणारी मोठी गाडी आधीच सांगून ठेवा. मुंबई विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी कस्टम्सला सायकल दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ड्युटीचा वाद होत नाही. त्यासाठी फ्रेम नंबर, तो बहुधा बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलांचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथे) असतो, आणि बिल हाताशी असू द्या.

इटलीत व्हेरोना शहरातून रेल्वेने रोव्हेरेतो, तिथून बसने रीवा. खोका घेऊन बसमध्ये चढायचं तर आधी विचारा.

जोडणी झाली की स्टेमचे (हँडल धरणारा भाग) बोल्ट टॉर्क रेंचने (किती घट्ट आवळलं ते दाखवणारा पाना), त्यावर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा. पहिली फेरी रीवाजवळच्या पोनालेच्या कड्यात कोरलेल्या जुन्या रस्त्यावर मारा. पायी चालणारेही असतात, तेव्हा उतरताना वेग आवरा. रोटर घासतोय का, गिअर उडतोय का, तेही याच फेरीत पाहून घ्या.