जेवणाच्या वेळांवरचा लेख छापण्याआधी काय तपासावं

“सातच्या आत जेवा, वजन उतरेल” असं लेखात आलं की आधी मूळ शोधनिबंध उघडा. त्यावरची बातमी पुरावा म्हणून धरू नका. माणसं किती, कोण, किती आठवडे आणि तुलना कशाशी, एवढं टिपून घ्या.

बहुतेक लेख घसरतात ते तुलनेपाशी. २०२२ च्या चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या चाचणीत १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर सारखंच कॅलरीचं बंधन होतं. त्यातला एक गट सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत खात होता, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, फरक लक्षणीय नव्हता. फक्त पहिल्या गटाचा आकडा छापला तर सगळं श्रेय घड्याळाला जातं. ही वाचकाची फसवणूकच आहे. उलट २०१८ च्या एका अभ्यासात वजन न घटताही इन्सुलिनचं काम सुधारलं. पण त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ८ च पुरुष होते आणि त्यांचं शेवटचं जेवण दुपारी ३ च्या आत व्हायचं. हे तपशील त्याच वाक्यात द्या, तळटीपेत नकोत.

“१६ तास उपवास” लिहिताना दूध-साखरेच्या चहाचं काय, तेही सांगा. सकाळी ६ ला तो प्यायला की उपवास तिथेच सुटतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्याने जेवण लांबवलं तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ही सूचना सल्ल्याच्या आधी यायलाच हवी, आणि असा मजकूर डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापू नका.

चूक सापडली तर गुपचूप बदलू नका. काय बदललं ते तारखेसह लेखाच्या माथ्यावर लिहा.