खलनायक होऊन आलात? आधी शेताकडे बघा

वाचलेल्या खानदेशी कादंबरीत खलनायकाच्या अंगात जागे झालात, तर कितव्या प्रकरणात येऊन पडलात हे कळायला आरशात तोंड बघत बसू नका, शेताकडे बघा. कपाशी फुटून पांढरी झाली असेल, बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला लागल्या असतील, तर दिवाळीचा सुमार आहे. झाडांना झोके बांधलेत आणि पोरी गौराईची गाणी म्हणताहेत, म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी आल्या आहेत, आणि प्रेमाच्या कादंबरीत मैत्रीण माहेरी आली की गुपित फुटतंच. मी आलो तो श्रावणात. त्याला आता ११ वर्षं झाली.

माझ्या वाट्याला आडत्याचा पुतण्या आला. चोपडा तालुक्यातलं तापीकाठचं गाव, केळी आणि कापूस. एवढ्या जाड कादंबरीत मी तीनदाच येतो. एकदा बसस्टँडवर नायिकेची वाट अडवतो. एकदा तिच्या वडिलांचं खरेदीखत पुढे करून लग्नाची मागणी घालतो. शेवटी तिच्या साखरपुड्यात, भर मांडवात, तिच्याबद्दल नको ते बोलतो. मग मार खाऊन अमळनेरला सुरतेच्या गाडीत बसतो. पुढे माझ्याबद्दल एक ओळ नाही.

येण्याआधी तुमच्यातल्या अनेकांनी खलनायिकेच्या अंगात जागं होण्याच्या जपानी-कोरियन गोष्टी वाचल्या असतील. तिथे राजवाडा असतो, मेजवानीत ठरलेलं लग्न मोडतं, खलनायिकेला हद्दपारी होते नाहीतर फाशी, आणि पुढचं सगळं आधीच ठाऊक असल्यामुळे ती बचावते. इथे ते पुरत नाही. इथे भाऊबंदकी आहे. तुमच्या एका कृत्यामागे काका आहे, काकांचे हिशेब आहेत, आजोबांच्या वेळचा बांधाचा वाद आहे. एकट्याने शहाणं होऊन भागत नाही.

बोली आधी कानावर घ्या. धुळे-अमळनेरकडे अहिराणी, तिथे ‘आहे’चं ‘शे’ होतं. यावल-रावेरकडे लेवा बोली, तिचा बाज वेगळा. मी पहिल्या आठवड्यात आजीशी पुस्तकी मराठी बोललो. पोराला बाहेरचं काही लागलं म्हणून तिने मीठ-मोहरी उतरवून टाकली. तिचे हात थरथरत होते, ते मी विसरलेलो नाही. आपण ज्याच्या अंगात येतो तो कुणाचा तरी नातू असतो, हे कादंबरीत लिहिलेलं नसतं.

त्याच श्रावणात घरी कानबाई, खानदेशची देवी, बसली. आदल्या दिवशी आजी सूप घेऊन ओट्यावर बसली आणि तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी गहू मोजू लागली. घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ टाकायची. सुरतेला राहणाऱ्या चुलतभावाच्या तान्ह्या पोराचीही मूठ पडली. मग माझं नाव आलं. तिने मूठ भरली, वर चार दाणे जास्तीचे घेतले आणि पुढच्या नावाकडे वळली. हे रोट भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. मला दिला. तोवर मी इथून पळायचे बेत करत होतो. रोट खाल्ल्यावर ते सोडून दिले.

आता जमिनीचं. तुमचा खलनायक सावकाराच्या घरचा असेल तर सगळ्यात आधी हे हातात घ्या, प्रेमप्रकरण नंतर. खरेदीखत फाडून काही होत नाही. दस्त नोंदवलेला असतो, सातबाऱ्यावर नाव चढलेलं असतं. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतकऱ्याला तारणावर दिलेल्या कर्जाला वर्षाला ९ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. काका महिन्याला ३ टक्के घेत होते. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन असेल तर शेतकरी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकतो. १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि तो सावकारीतला आहे हे चौकशीत ठरलं, तर जमीन परत होते. मी हे काकांना केळीच्या बागेत, पाणी भरताना सांगितलं. अर्ज झाला तर साक्ष मी देईन, हेही सांगितलं. दीड वर्ष ते माझ्या पंगतीला जेवले नाहीत. पण जमीन त्यांनी स्वतः जाऊन परत लिहून दिली. दुसरा प्रसंग असा बुडाला.

पहिला प्रसंग मी येण्याआधीच घडून गेला होता. वाट मी अडवली नव्हती, पण जे तोंड बघून ती पोरगी अजून रस्ता बदलते ते तोंड आता माझं आहे. म्हणून माफी मागा. एकटीला गाठून नाही; तिच्या घरी, वडीलधाऱ्यांसमोर, दोन वाक्यांत. ‘तो मी नव्हतो’ हे चुकूनही म्हणू नका. तिने ऐकून घेतलं आणि आत निघून गेली. पुढे कधी बोलली नाही, आणि तिने बोलावं असं माझं मागणंही नाही. तिच्या प्रेमात पडायचा विचार तर करूच नका. नायकाशी मैत्रीही आपण होऊन जोडायला जाऊ नका.

राहिला साखरपुडा. त्या दिवशी पाय आपोआप मांडवाकडे वळतात. मी दोनदा मागे फिरलो आणि दोन्ही वेळा तिथेच पोचलो. कथेची ओढ असते ती हीच. तिच्याशी झगडू नका, हात कामात गुंतवा. मी आचाऱ्याकडून बट्ट्यांची पाटी मागून घेतली. वरण-बट्टीची पंगत, घोटलेली वांग्याची भाजी, बट्टी चुरून वर तुपाची धार. नायिकेच्या वडिलांपाशी आलो आणि ते वाक्य ओठांवर आलं. शब्दन्‌शब्द, छापलेलं तसं. घसा भरून आला होता. पाटी जड होती, गरम होती, बोटं भाजत होती.

“बट्टी वाढू?” एवढंच बाहेर पडलं.

त्यांनी वर बघितलं. क्षणभर थांबून पत्रावळ पुढे सरकवली.

“अर्धी वाढ,” म्हणाले.

त्या रात्री सुरतेची गाडी अमळनेरहून सुटली तेव्हा मी आचाऱ्याबरोबर पातेली घासत होतो.