इंग्लंडच्या पायवाटेवरील मोडक्या स्टाईलची तक्रार कशी करावी

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटेला कुंपण आडवे आले, की ते ओलांडण्यासाठी लाकडी किंवा दगडी पायऱ्या केलेल्या असतात. त्यांना तेथे ‘स्टाईल’ म्हणतात; ऐटीशी त्यांचा काही संबंध नाही, आणि पावसात भिजलेल्या फळीवर पाय ठेवताना ऐट आठवतही नाही.

स्टाईल मोडलेली आढळल्यास प्रथम ती वाट सार्वजनिक असल्याची खात्री करावी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशात अशी वाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते आणि प्रत्यक्षात खांबांवर पिवळे बाण लावलेले असतात. मात्र वाद उद्भवल्यास स्थानिक कौन्सिलकडील अधिकृत नकाशाच प्रमाण मानला जातो.

मग दोष नेमका कोठे आहे ते पाहावे. फळी हलते ती खिळे सुटल्यामुळे की खांबच कुजल्यामुळे, हे खांब हाताने हलवला की कळते, कारण वरून धडधाकट दिसणारे लाकूड बहुधा मातीलगतच भुसभुशीत झालेले असते. आधाराच्या दांडीवर काटेरी तार गुंडाळलेली असल्यास तीही नोंदवावी. एक फोटो जवळून आणि एक लांबून घ्यावा, आणि दोन अक्षरे व आठ अंकांचा नकाशा-संदर्भ द्यावा; त्याने जागा दहा मीटरपर्यंत निश्चित होते. माझ्या पहिल्या तक्रारीत मी ‘चर्चमागील स्टाईल’ एवढेच लिहिले होते. चर्चमागे तीन स्टाईल होत्या, आणि दुरुस्ती झाली ती धड असलेल्या एकीची.

तक्रार कौन्सिलच्या सार्वजनिक वाटांच्या विभागाकडे पाठवावी. १९८० च्या हायवेज ॲक्टच्या कलम १४६ नुसार स्टाईल सुस्थितीत ठेवणे ही जमीनमालकाची जबाबदारी असली, तरी वाजवी खर्चाचा किमान चौथा हिस्सा त्याला कौन्सिलकडून मागता येतो. शेतकरी भेटल्यास हे त्याच्या कानावर घालावे. हुज्जत घालण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

त्याच पत्रात स्टाईलऐवजी फाटक बसवता येईल का, हेही अवश्य विचारावे. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन फिरायला निघालेल्यांना ही पायरी गुडघ्यांना किती भारी पडते ते ठाऊक असते. अशा वाटांवरील फाटके व स्टाईल कशी असावीत हे सांगणाऱ्या ब्रिटिश स्टँडर्ड ५७०९ या मानकातील क्रमही तसाच आहे: जनावरे अडवायची नसतील तर नुसती मोकळी जागा, नाही तर फाटक, आणि अगदीच इलाज नसेल तर स्टाईल. अर्थात बदलासाठी साधारणपणे मालकाची संमती लागते.

स्टाईलपलीकडची वाट नांगरलेली असेल, तर पहिल्या नांगरणीपासून १४ दिवसांत ती किमान एक मीटर रुंदीची पूर्ववत करून देणे जमीन कसणाऱ्यावर बंधनकारक आहे. वाटेवर पीक उभे असले, तरी वाटेच्या मूळ रेषेवरून चालत जाण्याचा हक्क कायम राहतो.