कमांड लाइनवरून खेळ सुरू करताना या चुका टाळा

सुट्टीत भाच्यासाठी पायथनमध्ये सापशिडी लिहिली. टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालणारी, साधीच. किती जण खेळणार, कुणाचं नाव काय, सोंगटी कुठल्या रंगाची, हे सगळं खेळ सुरू करतानाच कमांडसोबत द्यायचं अशी सोय ठेवली. साप, शिड्या, फासा हे एका संध्याकाळी जमलं. कमांडसोबत येणाऱ्या त्या चार शब्दांनी मात्र पुढचे तीन दिवस खाल्ले. तेव्हा पकडलेल्या चुका इथे मांडतोय. यातल्या बऱ्याचशा चुका एररसुद्धा देत नाहीत, म्हणून त्या लवकर सापडत नाहीत.

(कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना पायथनचे स्वतःचे शब्द अर्थात इंग्रजीतच. ऑप्शनची, म्हणजे कमांडसोबत द्यायच्या '--खेळाडू' सारख्या सेटिंगची, नावं मात्र मराठीत ठेवली तरी पायथन ३ मध्ये चालतात; माझ्या सापशिडीत ती तशीच आहेत.)

जे येतं ते अक्षरांच्या रूपात येतं

कमांडवर लिहिलेले शब्द सिस.आर्गव्ही या लिस्टमध्ये येतात. शून्याव्या जागी स्क्रिप्टचं नाव, तुमचा पहिला शब्द त्यापुढे. काहीच न देता कुणी स्क्रिप्ट चालवली आणि तुम्ही थेट पहिल्या जागेला हात घातला, की इंडेक्सएरर. ही चूक निदान ओरडून सांगते.

घातक चूक वेगळी आहे. लिस्टमधली प्रत्येक वस्तू स्ट्रिंग (अक्षरांची माळ) असते, आकडा नव्हे. स्ट्रिंगची तुलना अक्षर अक्षर होते, म्हणून "१०" हे "९" पेक्षा लहान ठरतं. एरर नाही, इशारा नाही, फक्त निकाल चुकीचा. आकडा हवा असेल तर तो आत घेतानाच इंट या फंक्शनने पूर्णांक करून घ्या, पुढे कुठेतरी करू म्हणून ठेवू नका.

आपल्यासाठी एक आनंदाची गोष्ट: इंट देवनागरी अंकही वाचतो. '--खेळाडू ४' असं मराठी कीबोर्डवरून टाइप केलं तरी ४ मिळतात. पण त्याआधी इजडिजिटने (स्ट्रिंगमध्ये अंकच आहेत का ते सांगणारं फंक्शन) तपासणी करू नका. वर्गाचं चिन्ह म्हणून लिहितात त्या छोट्या दोनलाही इजडिजिट 'हो' म्हणतं आणि मग इंट त्यावर अडतो. सरळ इंट करा आणि व्हॅल्यूएरर पकडा.

आर्गपार्स वापरलं तरी सुटका नाही

चारपेक्षा जास्त ऑप्शन झाले की हाताने लिस्ट चाळत बसू नका. ऑप्शन वाचून देणारं आर्गपार्स हे मॉड्यूल २०११ मध्ये आलेल्या ३.२ आवृत्तीपासून पायथन ३ मध्येच आहे. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, मदतीचा मजकूर आपोआप तयार होतो. तरी तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण चॉइसेस, म्हणजे चालणाऱ्या किमतींची यादी. खेळाडू दोन ते चारच चालतील म्हणून चॉइसेसमध्ये २, ३, ४ लिहिलं आणि टाइप इंट लिहायचं राहिलं. आता ३ दिलं तरी उत्तर येतं: ३ चालणार नाही, २, ३, ४ पैकी निवडा. वाचून डोकं गरगरतं. आलेला ३ स्ट्रिंग आहे आणि यादीतला ३ आकडा, एवढंच कारण. दोघांचा प्रकार एक करा.

दुसरं, टाइप म्हणून बूल (खरं की खोटं) देणं. '--संगीत फॉल्स' लिहूनही संगीत वाजतच राहतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बूलच्या दृष्टीने खरी असते, मग तिच्यात 'फॉल्स' लिहिलेलं का असेना. इथे स्टोअर ट्रू ही अ‍ॅक्शन वापरा आणि ऑप्शनलाच '--शांत' असं नाव द्या. दिलं तर शांत, नाही दिलं तर संगीत.

तिसऱ्या चुकीने मला सर्वात जास्त छळलं. ९७ व्या घरावरचा साप कधी कधी गिळत नव्हता. तोच डाव पुन्हा खेळून बघता यावा म्हणून रँडमला ठरावीक सीड (ज्यावरून पुढचे फासे ठरतात तो सुरुवातीचा आकडा) देणारा '--बीज' ऑप्शन घातला आणि '--बीज ०' देऊन चाचणी सुरू केली. तरी दरवेळी फासे वेगळेच! कोडमध्ये लिहिलं होतं, 'इफ आर्ग्ज.बीज', आणि पायथनला शून्य म्हणजे 'नाही'. त्यामुळे सीड लागतच नव्हतं. तिथे 'इज नॉट नन' लिहिल्याबरोबर डाव जसाच्या तसा परत आला आणि सापाची चूक दहा मिनिटांत सापडली. शून्य ही खरी किंमत असू शकते अशा प्रत्येक ऑप्शनला हे तपासा.

नावाची लांबी

पाटीवर मावावं म्हणून नाव आठ अक्षरांत हवं, असा नियम स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या लेनने लावला. 'ज्ञानेश्वर' नापास! आपण मोजतो ती अक्षरं चार: ज्ञा, ने, श्व, र. लेन मोजतं दहा, कारण काना, मात्रा आणि हलन्त त्याच्या लेखी वेगवेगळे असतात. मराठी नावं घेणाऱ्या खेळात लेनवर मर्यादा ठेवायचीच असेल तर ऐसपैस ठेवा. मुलाला त्याचं स्वतःचं नाव खेळाने नाकारणं फार वाईट दिसतं.

विंडो आधी उघडू नका

पायगेम (पायथनमध्ये खिडकीतले खेळ करायची लायब्ररी) वापरत असाल तर ऑप्शन वाचून, तपासून झाल्यावरच विंडो तयार करा. नाहीतर कुणी नुसती '--हेल्प' मागितली तरी काळी खिडकी झपकन उघडून मिटते. गोडोट ४ या गेम इंजिनमध्ये गोष्ट वेगळी आहे: इंजिनचे स्वतःचेही ऑप्शन असतात, म्हणून आपले ऑप्शन नुसत्या दोन डॅशनंतर लिहायचे आणि यूजर आर्ग्ज देणाऱ्या फंक्शनने वाचायचे.

कोडपर्यंत पोचण्याआधीच बिघडतं तेव्हा

तुमच्या स्क्रिप्टआधी शेल (टर्मिनलमध्ये कमांड घेणारा प्रोग्राम) ती ओळ वाचतं, हे विसरायला होतं. बॅश या शेलमध्ये हॅशने (#) सुरू होणारा रंगाचा कोड अवतरणाशिवाय दिला, तर हॅशपासून पुढचं सगळं कॉमेंट समजून टाकलं जातं आणि आर्गपार्स तक्रार करतं की '--रंग' ला किंमतच दिली नाही. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरणाला किंमत नाही, त्यामुळे एकेरी अवतरणातलं 'सई ताई' दोन तुकडे होऊन येतं. दुहेरी अवतरण दोन्हीकडे चालतं, तेच वापरा.

अडलं की स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत सिस.आर्गव्ही प्रिंट करा, खेळाच्या कोडकडे नंतर वळा. भाच्याने एकदा फोनवरून कॉपी केलेली कमांड चालत नव्हती. लिस्ट छापली तेव्हा दिसलं, '--रंग' च्या जागी '—रंग' आलं होतं. फोनने दोन डॅश जोडून एक लांब डॅश केला होता.